एसीच्या क्लचमधली फट

आमची गाडी वीस वर्षं जुनी. मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघताना एसी छान गार हवा द्यायचा आणि अलकापुरीच्या गरनाळ्याशी, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याशी, गर्दीत अडकलो की गरम वारा! गाडी निवली की पुन्हा सुरळीत. एका गॅरेजने सरळ कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. पण सकाळी नीट चालणारा कॉम्प्रेसर दुपारी खराब कसा होईल?

बिघाड कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचमध्ये होता. इंजिन चालू असलं की पट्ट्यावरची पुली फिरतच असते, कॉम्प्रेसर मात्र थांबलेला असतो. पुलीमागे तांब्याच्या तारेची कॉइल असते. एसी लावला की तिच्यात वीज जाते, पुलीचं लोहचुंबक होतं आणि समोरची, कॉम्प्रेसरच्या शाफ्टवरची पोलादी चकती ‘टक्’ करून तिला चिकटते, की कॉम्प्रेसरही फिरू लागतो. दोघींमधली फट बहुतेक गाड्यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. घासून घासून ती वाढते. आमची फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली, तर ०.९ भरली. फट दुप्पट झाली की चुंबकाची ओढ ढोबळमानाने चौथाईवर येते.

त्यात उष्णतेची भर. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.६ ओहमची कॉइल बॉनेटखाली १०० अंशांपर्यंत तापली, की १२ व्होल्टवरचा प्रवाह ३.३ अँपिअरवरून २.६ वर घसरतो. ओढ प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे ती आणखी ४० टक्क्यांच्या आसपास घटते. चिकटलेली चकती तरीही सुटत नाही, कारण तेव्हा फटच उरलेली नसते. पण थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला मधूनमधून थांबवतो. त्यानंतर पुन्हा ती फट ओलांडणं तापलेल्या कॉइलला झेपत नाही.

मेकॅनिककाकांनी तापलेलं इंजिन बंद करून कॉइलला बॅटरीची थेट वायर जोडली. चकती ढिम्म. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच दाबली, आणि टक्! बसली. मग मधला बोल्ट काढून चकती उतरवली. आत शाफ्टवर दोन पातळ वॉशर होते, त्यांना शिम म्हणतात. ०.५ मिलिमीटरची एक शिम काढली, फट ०.४ वर आली. ती तीन ठिकाणी मोजायची. फार कमी झाली तर एसी बंद असतानाही चकती घासते, तापते, आणि बेअरिंग जातं. कॉइल जळाली असेल तर शिमचा उपयोग नाही, पण एवढ्या कामात गॅसच्या नळ्यांना हातही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गरनाळ्याशी अर्धा तास अडकलो. काच बंद होती, तरी दर दोन-तीन मिनिटांनी बॉनेटखालून ‘टक्’ ऐकू येत होतं.