वाड्यातली शिकवण आणि फ्लॅटमधला भूकंप

भूकंप झाला की आधी घराबाहेर पळा, असे वडोदऱ्याच्या मराठी घरांतली वडीलधारी माणसे आजही सांगतात. सरकारी पत्रके मात्र पळू नका, मजबूत टेबलाखाली बसा, डोके झाका आणि हादरे थांबेपर्यंत टेबलाचा पाय धरून राहा, असे बजावतात. हा विरोध शहाणपणा आणि अज्ञान यांच्यातला नाही. दोन्ही सल्ले आपापल्या काळच्या घरांना पाहून तयार झाले आहेत. मधल्या काळात दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले वाडे सोडून पुष्कळ कुटुंबे कारेलीबाग आणि मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. शिकवण मात्र वाड्यातलीच राहिली.

वाड्यात माजघरातून चार पावलांवर चौक असे आणि डोक्यावर फार तर एकदोन मजले असत, त्यामुळे बाहेर पडण्याला अर्थ होता. चौकटीत उभे राहण्याचा जगभर पसरलेला सल्लाही जाड भिंतींच्या घरांतूनच आलेला आहे. मातीच्या विटांची घरे कोसळल्यावर दाराची चौकट तेवढी उभी राहिल्याचे लोकांनी पाहिले होते. वाड्याची सागवानी चौकट खांब-तुळयांच्या सांगाड्यात बसवलेली असे. फ्लॅटमधली चौकट पातळ भिंतीत नुसती बसवलेली असते आणि तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखे काही नसते. अर्थात वाड्यालाही सुरक्षित म्हणता येत नाही, कारण वाळवी लागलेले खांब आणि सुट्या झालेल्या विटा असतील, तर चौकाऐवजी अरुंद गल्लीत धावणाऱ्याच्याच डोक्यावर त्या येतात.

दख्खनचा पठारी प्रदेश स्थिर आहे, हा समज 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने मोडला. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा 1962 मध्येच प्रमाणित झाला होता. कोयनेनंतर 1970 मध्ये त्याची फेरआखणी झाली. त्याच वर्षी, 23 मार्चला, वडोदऱ्यापासून सत्तरएक किलोमीटरवरच्या भरूचला 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जीवितहानीही झाली. भूकंप म्हणजे कच्छ, असे मानणाऱ्या वडोदरेकरांना ही घटना सहसा आठवत नाही, याचे मला नवल वाटते. नर्मदेच्या खोऱ्यातली भूगर्भीय भेग आपल्या उंबरठ्यापासून फार लांब नाही. 2002 च्या नकाशात वडोदरा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे.

30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव झोपलेले असताना पहाटे 3.56 ला किल्लारीची जमीन हादरली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवद क्षणात खाली आले, आणि हजारो माणसे अंथरुणातच गाडली गेली. घरे जमिनीलगतचीच होती, तरी पळायला वेळ मिळाला नाही. माणसाचा जीव वाचणे हे त्याच्या पायांच्या वेगापेक्षा भिंतींच्या बांधणीवर किती अवलंबून असते, ते मराठी माणसाला किल्लारीने दाखवले.

फ्लॅटचा धडा मात्र 26 जानेवारी 2001 चा आहे. सकाळी 8.46 वाजता, ठिकठिकाणी झेंडावंदन चालू असताना, कच्छमध्ये भचाऊजवळ केंद्र असलेला भूकंप झाला आणि तिथून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. पडलेल्यांपैकी कित्येकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता: वर भिंतींमुळे ताठ झालेले मजले, खाली नुसते खांब आणि काही ठिकाणी गच्चीवर पाण्याच्या जड टाक्या. लांबून येणाऱ्या संथ लाटा नदीच्या गाळाच्या जमिनीत वाढतात आणि उंच इमारतींना अधिक झुलवतात. वडोदराही गाळाच्याच मैदानावर वसले आहे. भूकंपरोधक बांधकामाची मानके 2001 पूर्वीही होती, पण ती बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिली. त्या फेब्रुवारीत गुजरातने राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले आणि 2003 मध्ये स्वतःचा कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर, 2005 मध्ये आला.

टेबलाखाली बसण्याचा सल्ला घरोघरी पोहोचला, तो या सगळ्यानंतर. चौथ्या मजल्यावरून खाली पोहोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आतच मोठे हादरे बहुधा संपतात. जिना हा इमारतीचा नाजूक भाग असतो आणि लिफ्ट मध्येच अडकू शकते. इमारत उभी राहिली तरी घरात दुखापत होते ती बहुतेक वेळा पडणाऱ्या वस्तूंनी. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेले पितळी घंगाळ आणि ठोक्याचे पातेले माळ्यावर ठेवलेले असते, आणि अनेक घरांत तो माळा नेमका पलंगावर येतो. ही भांडी खाली आणायला अर्धा तास पुरतो. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने जखडायचे, तर स्क्रू साडेचार इंची भिंतीच्या गिलाव्यात न थांबता विटेत पक्का बसला पाहिजे, आणि पट्टी कपाटाच्या वरच्या टोकाशी हवी, कारण कपाट कलते ते तिथूनच.