तिसऱ्यांची रांग

तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, एकशिपी करताना प्रत्येक तिसरीची एक शिंपी टाकून देतात. मालवणला आमच्या खळ्यात अशा शिंप्यांचा ढीग पडला होता. पाच वर्षांच्या पुतणीसमोर मी सात-सात शिंप्यांच्या दोन रांगा मांडल्या. सारख्या? हो, सारख्या. मग तिच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरून लांब केली. आता? "हेच्यात जास्त आसत." मोज म्हटलं. दोन्हीकडे बरोबर सात मोजल्या आणि तरीही म्हणाली, "पण ही बघ किती लांब आसा!"

हा खेळ बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा. हे स्विस गृहस्थ मुळात शिंपले-गोगलगायींचे अभ्यासक. १९१८ची डॉक्टरेटही त्यावरच. पुढे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम मिळालं, तर बरोबर उत्तरं मोजायची सोडून ते चुका बघत बसले. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. पुतणीला लांबी दिसते, मधल्या फटी नाहीत. दोन्ही एकदम ध्यानात धरणं साधारण सहा-सात वर्षांनंतर जमतं.

पण मला विचाराल तर हा प्रश्नच थोडा लबाड आहे. मोठ्या माणसाने तेच दोनदा विचारलं की मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर बोलली. आमच्याकडे टेडीचं काम पुतणीच्या आठ महिन्यांच्या धाकट्या भावाने केलं. रांगत आला, सगळं उधळलं. "सारखेच आसत," ताई वैतागून म्हणाली.

या धाकट्याचा खुळखुळा पंचाखाली झाकला, की परवापरवापर्यंत तो त्याच्या लेखी संपलेलाच असे. आता पंचा ओढतो. वस्तू नजरेआड असूनही असते, हे बाळाला याच सुमारास कळतं, असं पियाजेंचं म्हणणं. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रने बायार्जों यांनी, झाकलेली वस्तू जणू नाहीच असं काही अशक्य दाखवलं की बाळं किती वेळ टक लावून बघतात, ते मोजलं. साडेतीन-चार महिन्यांच्या बाळांनाही त्याची जाण दिसली. कळतं आधी, हात मागाहून पोचतो.

या दोघांचा थोरला भाऊ तेरा वर्षांचा. त्याच्यासाठी पियाजेंचंच आणखी एक कोडं. ओटीवरचा झोपाळा एक हेलकावा किती वेळात घेतो, ते कशावर ठरतं? पुतणी म्हणाली, ढकलण्यावर. मी म्हटलं, वजनावर. (कॉलेज झालेली माणसंही इथे आपटतात.) थोरल्याने मला बसवून मोबाइलवर दहा हेलकाव्यांची वेळ घेतली. मग शेजारी माझ्या भावालाही बसवलं. साखळी तेवढीच, वेळही तेवढीच.

"आता उतरा दोघंय," तो म्हणाला, "कडी वर घेतंय."