बिनतारी चार्जिंगमधला ‘रेडिओ’

हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात ‘वायरलेस’ म्हटलं की होडीवरचा बोलायचा सेटच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे बिनतारी चार्जिंगमध्येही पॅड फोनकडे लहरी फेकत असणार, असं अनेकांना वाटतं. घोळ इथेच आहे.

फ्रिक्वेन्सी रेडिओची असली तरी काम लहरींचं नव्हे. १५० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी २ किलोमीटर भरते, आणि पॅड व फोनमध्ये अंतर असतं जेमतेम काही मिलिमीटर. पॅडमधल्या तारेच्या एवढ्याशा वेटोळ्यातून लहर म्हणून बाहेर पडणारी ऊर्जा नगण्य. खालच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होतं आणि वरच्या, फोनमधल्या वेटोळ्यात वीज उभी राहते. थोडक्यात, दोन तुकडे केलेला ट्रान्सफॉर्मर.

१८३१ चं हे तत्त्व शाळेत झालेलंच आहे. कित्येक वर्षं ते दात घासायच्या इलेक्ट्रिक ब्रशसारख्या किरकोळ वस्तूंत राबत होतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत २ मीटरवरून ६० वॉटचा दिवा पेटला. निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेतच गेली, पण खरी चुरस त्यानंतर लागली.

२०१० मध्ये ‘ची’ हे मानक आलं (मराठीत नुसता प्रत्यय!). १००-२०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारं, वेटोळी अगदी जवळ मागणारं. कंपन्यांच्या दुसऱ्या गटाने ६.७८ मेगाहर्ट्झ धरले: अनुनादामुळे (दोन्ही वेटोळी एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवल्यामुळे) फोन थोडा दूर, तिरका असला तरी चालेल, एका पॅडवर दोन-तीनही बसतील. २०१७ मध्ये एका बड्या फोन कंपनीने ‘ची’ उचललं आणि निकाल लागला. माझ्या मते आपल्या किनाऱ्याला हरलेलाच गट जास्त सोयीचा होता. खाऱ्या वाऱ्याने चार्जिंगच्या भोकात हिरवट किटण धरतं, म्हणून तांडेलाचा (होडीच्या म्होरक्याचा) फोन कायम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. प्लॅस्टिक चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. पण पिशवीच्या घड्यांनी अंतर वाढतं, होडी डोलली की फोन सरकतो आणि जवळिकीवर चालणारं चार्जिंग बंद पडतं. ‘ची’च्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत लोहचुंबकांची कडी आली, त्यामुळे सरकणं थांबलं. अंतराचं दुखणं तसंच राहिलं.

केबिनमध्ये पॅड ठेवणाऱ्याने एक बघावं: फोनखाली गळ अडकलेला नसावा. पोलाद त्या क्षेत्रात तापतं. चांगला पॅड ते ओळखून थांबतो, स्वस्तातल्याचा भरवसा नाही.