एका एसीला किती गुंठे जंगल लागतं?

पाच जून उलटला की नेरूळ-खारघरकडच्या एखाद्या कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतोच: ‘आमचा कॅम्पस कार्बनमुक्त’. खाली वृक्षारोपणाचा फोटो, एका रोपाभोवती सात-आठ माणसं. रोपं लावायला कुणाची ना नाही. पण कार्बनमुक्तीचा दावा करायचा तर आधी ऑफिसातल्या कपाटातली वीजबिलं काढायला हवीत.

तो हिशेब मांडायची एक पद्धत म्हणजे पर्यावरणीय पाऊलठसा (इकॉलॉजिकल फूटप्रिंट). ही कल्पना विल्यम रीस आणि त्यांचा विद्यार्थी मॅथिस वॅकरनागल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मांडली. आपण जे खातो, वापरतो, जाळतो ते पुरवायला आणि पचवायला जमिनीचं आणि पाण्याचं किती क्षेत्र लागतं, याचा हा हिशेब. उत्तर येतं हेक्टरमध्ये. शेती, कुरण, लाकडाचं जंगल, मासेमारीचं पाणी, बांधकामाखालची जमीन अशी पाच खाती, आणि सहावं खातं कार्बन शोषणाऱ्या जंगलाचं. कँटीनचं दूध, झेरॉक्सचा कागद हेही धरतात; पण जगाच्या एकूण ठशातही निम्म्याहून जास्त वाटा या सहाव्या खात्याचा असतो.

हे खातं मांडतात कसं, ते एका वर्गातल्या दीड टनी एसीवर पाहू. कॉम्प्रेसर चालू असताना तो तासाला साधारण दीड युनिट खातो. दिवसाला सहा तास, वर्षाला २०० दिवस धरले तर १८०० युनिट. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १२६० किलो. यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो, तो वजा करायचा. उरले ९४५ किलो. जगातलं सरासरी जंगल हेक्टरी वर्षाला सुमारे २.७ टन शोषतं असं ही पद्धत धरते. भागाकार केला की ०.३५ हेक्टर, म्हणजे तब्बल ३५ गुंठे! एका एसीसाठी जवळजवळ एकरभर जंगल, तेही दरवर्षी राखून ठेवलेलं.

एवढ्यावर भागत नाही. शेतजमीन आणि जंगल यांची उत्पादकता सारखी नसते, म्हणून जंगलाच्या हेक्टरला सुमारे १.३ने गुणून तो ‘जागतिक हेक्टर’मध्ये, म्हणजे जगातल्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये, आणतात. आपला एसी ०.४५वर पोचला. भारतात माणशी उपलब्ध जैवक्षमता, म्हणजे हे सगळं पुरवू आणि पचवू शकणारी जमीन-पाण्याची जागा, आहे सुमारे ०.४ जागतिक हेक्टर. एका माणसाच्या वाट्याची सगळी जमीन एका एसीनेच खाल्ली.

आता कुणीतरी म्हणणारच, ‘आमच्याकडे पिंपळ आहे, तो रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो.’ देत नाही. प्रकाशाशिवाय कुठलंही झाड ऑक्सिजन तयार करत नाही. व्हॉट्सॲपवर पिंपळाला दिलेली नाइट ड्युटी खोटी आहे. शिवाय इथे प्रश्न ऑक्सिजनचा नाहीच.

त्यापेक्षा गच्चीकडे बघा. एक किलोवॉटच्या सौर पॅनेलला जेमतेम दहा चौरस मीटर जागा लागते आणि आपल्या भागात ते वर्षाला साधारण १४०० युनिट देतं. वरचाच हिशेब उलटा फिरवला तर २७ गुंठे जंगलाचं काम गच्चीच्या एका कोपऱ्यात होतं.

पद्धतीत खोट आहेच. हद्द कुठे आखायची हे हिशेब करणाऱ्याच्या हातात असतं. डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने येणारा विद्यार्थी आणि पामबीच रोडवरून एकट्याने कार हाकत येणारे प्राध्यापक, दोघांचाही प्रवास गेटबाहेरचा म्हणून गाळला की आकडा देखणा होतो. आणि पाणी? मोरबे धरणाचं पाणी कितीही वाया घालवा, या ठशात त्याचे लिटर मोजलेच जात नाहीत. दिसते फक्त पंपाची वीज. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत ग्रीन ऑडिट (पर्यावरणाचा ताळेबंद) लावताना म्हणूनच हेक्टरच्या शेजारी पाण्याच्या मीटरचं रीडिंग वेगळं लिहावं लागतं.