सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि हरकतीची मुदत

खातेदाराचे निधन झाले की त्याच्या जमिनीतील हक्क कायद्याने त्याच क्षणी वारसांकडे येतो, परंतु सातबारा उताऱ्यावर तो आपोआप उमटत नाही. वारसांनी वर्दी, म्हणजे हक्क मिळाल्याची सूचना, देऊन फेरफार, म्हणजे महसूल दप्तरात हक्काच्या बदलाची नोंद, करून घेतला नाही, तर उताऱ्यावर मयताचेच नाव राहते. मग पीककर्ज अडते, भूसंपादनाचा मोबदला अडकून पडतो आणि जमिनीच्या मोजणीपासून वाटपापर्यंत प्रत्येक कामात आधी वारस नोंद करून आणण्यास सांगितले जाते. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला असून तो अधिकार अभिलेखातील, म्हणजे सातबाऱ्यावरील, नावाशी जोडलेला असल्यामुळे, वाडवडिलांच्या नावावर राहिलेली जमीन कसणाऱ्यांची अडचण आता अधिकच वाढली आहे.

हीच अडचण ओळखून शासनाने मार्च २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा निर्णय काढला. बुलढाणा जिल्ह्यात आधी हाती घेतलेले हे काम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झाले. गावोगावी चावडी वाचन करून, म्हणजे गावकऱ्यांसमोर नोंदी वाचून दाखवून, मयत खातेदारांच्या याद्या तयार करायच्या, वारसांकडून कागदपत्रे घ्यायची, स्थानिक चौकशी करायची आणि फेरफार मंजूर करून सातबाऱ्यावर हयात माणसांची नावे आणायची, असा तो क्रम होता. मोहिमेचे वेळापत्रक संपले म्हणजे वारस नोंदीची संधी संपली, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. तो चुकीचा आहे. वारस नोंद ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कायमची तरतूद आहे. मोहिमेने तिला गती दिली, नवा हक्क दिला नाही आणि जुना काढूनही घेतला नाही.

संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने जमिनीतील हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते. (२०२४ मध्ये तलाठी हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले, गावात तलाठी हाच शब्द चालतो, म्हणून पुढे तोच वापरला आहे.) ही वर्दी तोंडी किंवा लेखी कशीही देता येते आणि ती मिळाल्याची लेखी पोच देणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. तरीही वर्दी लेखीच द्यावी आणि पोच आग्रहाने घ्यावी, कारण पुढे विलंबाची तक्रार करायची वेळ आली, तर हातात असलेला तोच एकमेव पुरावा ठरतो. तीन महिने उलटून गेले म्हणून अर्ज नाकारता येत नाही. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या खातेदाराची नोंदही आज होऊ शकते; फक्त मधल्या काळात आणखी कोणी मरण पावले असेल, तर काम वाढते.

पात्रता कोणाची, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक भांडणे येथेच सुरू होतात. मृत्युपत्र नसेल तर वारस कोण, हे मयताला लागू असलेल्या वैयक्तिक कायद्यावरून ठरते. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा, तर ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. हिंदू पुरुष खातेदार वारला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या किंवा त्याच्या मुलांचा तसेच वारलेल्या मुलाच्या विधवेचाही त्यात समावेश होतो. यातील ‘आई’ हा शब्द अर्ज लिहिताना हमखास विसरला जातो. तरुण मुलगा गेला, त्याची पत्नी आणि लेकरे यांची नावे लागली आणि घरात बसलेल्या म्हातारीचे नाव कोणी घातलेच नाही, अशा नोंदी सर्रास आढळतात. वडील मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत. खातेदार हिंदू स्त्री असेल तर क्रम वेगळा आहे: त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे आधी तिची मुले, वारलेल्या मुलांची मुले आणि पती, मात्र तिला माहेरकडून वारशाने आलेली जमीन, तिला मूलबाळ किंवा नातवंडे नसल्यास, पतीकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते.

मुलींच्या बाबतीत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. वडिलांच्या मागे मुलगी वारस असते ही गोष्ट १९५६ पासूनच कायद्यात आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायक, म्हणजे हिस्सेदार, केले आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. लग्न झाले, हुंडा दिला, बाळंतपणे केली, या कारणांनी वारस यादीतून तिचे नाव गळू शकत नाही. तरीही ‘बहिणींची काही हरकत नाही’ असे साध्या कागदावर लिहून, त्यावर त्यांच्या सह्या घेऊन, केवळ भावांची नावे देण्याचा प्रघात अजून टिकून आहे. असा कागद हक्कसोड ठरत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा तर नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्रच लागते. बहिणीला खरोखर स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर आधी सर्व वारसांची नावे लागू द्यावीत, आणि नंतर तिने सवडीने, पूर्ण विचार करून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी तिच्यापुढे कागद ठेवणे कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही अयोग्य आहे.

कागदपत्रांची यादी फार मोठी नाही. मृत्यूचा दाखला हा मुख्य कागद. त्यासोबत सर्व वारसांची नावे, वय, मयताशी नाते, पूर्ण पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक असलेला अर्ज, वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, वारसांचे ओळखीचे आणि रहिवासाचे पुरावे, आणि मयताच्या नावावरील सर्व सातबारा व आठ अ (खात्यावरील सर्व जमिनींचा एकत्रित) उतारे जोडावेत. जिवंत सातबारा मोहिमेत सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवक यांचा वारसांबाबतचा दाखलाही मागितला गेला होता. तो मिळत असेल तर जोडल्याने चौकशी सुकर होते. शिधापत्रिका आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले नाते दाखवण्यास उपयोगी पडतात. शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ आहे, त्यामुळे अशा प्रतिज्ञापत्रासाठी कोणी मुद्रांकाचा आग्रह धरला, तर या आदेशाकडे नम्रपणे लक्ष वेधावे.

मयताच्या नावातील फरक ही एक नेहमीची अडचण आहे. सातबाऱ्यावर ‘नामदेव’, मृत्यूच्या दाखल्यात ‘नामा’, आणि आडनाव एका ठिकाणी गावावरून तर दुसऱ्या ठिकाणी घराण्यावरून, असे असेल तर ही एकाच व्यक्तीची नावे आहेत हे प्रतिज्ञापत्रात सुरुवातीलाच स्पष्ट नमूद करावे. मृत्यूची नोंदच झालेली नसेल तर आधी ती विलंबाने करून घ्यावी लागते, आणि एक वर्षाहून जुन्या मृत्यूसाठी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश आवश्यक असतो.

अर्ज आल्यावर तलाठी वारसांची माहिती गाव नमुना ६ क, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो आणि गावात चौकशी करतो. मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवल्यानंतर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, प्रत्यक्ष नोंद होते. त्याच वेळी संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावली जाते आणि हितसंबंधित व्यक्तींना लेखी नोटीस दिली जाते. येथून हरकतीची पंधरा दिवसांची मुदत सुरू होते. वारसांपैकी कोणी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असेल, तर त्यांचा चालू पत्ता अर्जात देणे याचसाठी महत्त्वाचे आहे. नोटीस गावातल्या जुन्या घरी गेली आणि कोणी तिसऱ्यानेच सही करून घेतली, तर पुढे नोंदीला आव्हान मिळू शकते. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून सुरू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या पाहता येतात. ज्यांची गावाकडे जमीन आहे आणि जे स्वतः दूर राहतात, त्यांनी ती सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. अर्जही ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो.

हरकत तोंडी घेतली तरी तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन लगेच लेखी पोच द्यायची असते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत असेल तर सुनावणी होते आणि अशी प्रकरणे शक्यतो एक वर्षाच्या आत निकाली काढावीत, अशी तरतूद आहे. एखादी व्यक्ती मयताची पत्नी किंवा मुलगा आहे की नाही, मृत्युपत्र खरे की खोटे, असे वाद मात्र महसूल अधिकारी अंतिमतः ठरवू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते; मुंबई विनियम ८, सन १८२७ खाली मिळणारे वारस प्रमाणपत्र हा तेथील एक मार्ग आहे. वाद नसलेल्या घरातील साध्या वारस नोंदीसाठी न्यायालयाचे प्रमाणपत्र सहसा लागत नाही.

दोन पिढ्यांची नोंद राहून गेली असेल, तर आजोबांच्या नावावरून एकदम नातवाच्या नावावर उडी मारता येत नाही. समजा, आजोबा १९९८ मध्ये वारले. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा २०१६ मध्ये गेला. तेव्हा आधी आजोबांच्या मृत्यूची नोंद होऊन त्या वेळी हयात असलेले सर्व वारस, थोरल्या मुलासह, कागदावर येतात. त्यानंतर थोरल्या मुलाच्या जागी त्याची पत्नी, मुले आणि आजी तेव्हा हयात असल्यास तीही, अशी दुसरी नोंद होते. दोन मृत्यू म्हणजे दोन दाखले आणि दोन वारस याद्या. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असा शेरा असतो. तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून लावलेला असल्याने बाकीच्या भावंडांचा हक्क त्यामुळे जात नाही, आणि असा शेरा असेल तर ज्यांची नावे मागे राहिली त्यांचीही नावे आणण्यासाठी अर्ज करता येतो. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याचे नाव पालनकर्त्यासह, ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) अशा शेऱ्याने लागते. तो सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा देऊन शेरा कमी करून घ्यावा.

मृत्युपत्र असेल तर अर्जासोबत ते जोडावे लागते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तथापि नोंदणी नसलेल्या मृत्युपत्रावर हरकती अधिक येतात, आणि साक्षीदारांचे जबाब घेण्याची वेळ येऊ शकते.

नोंद प्रमाणित झाली की नवा उतारा काढून स्वतः वाचावा. मयताच्या नावाला कंस होऊन ते कमी झाले आहे का, प्रत्येक वारसाचे नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, सदरात आले आहे का आणि त्यापुढे नव्या फेरफाराचा क्रमांक आहे का, हे तपासावे. आई आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या सदरात टाकलेली आढळली, तर ती वारस म्हणून भोगवटादाराच्या सदरात घेण्याची मागणी करावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. मयताची जमीन एकाहून अधिक गावांत असेल, तर प्रत्येक गावासाठी स्वतंत्र नोंद लागते. एका गावात झालेली नोंद दुसऱ्या गावाच्या दप्तरात जात नाही. लेखनातील साधी चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वारसाचे नावच वगळले गेले असेल तर ती लेखनचूक नव्हे. त्यासाठी कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते आणि त्याची मुदत ६० दिवसांची आहे. विलंब झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज कारणांसह जोडावा.

सातबाऱ्यावर नाव लागल्याने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने ती नष्टही होत नाही, कारण फेरफार ही महसुली प्रयोजनासाठी असलेली नोंद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून ज्या वारसाचे नाव वगळले गेले, त्याने मुदत गेली म्हणून निराश होऊ नये. वाटपाच्या दाव्याचा मार्ग त्याला मोकळा राहतो.

नवे नाव लागल्यावर पीएम किसान योजनेचीही चौकशी करावी. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना सामान्यतः लाभ मिळत नाही, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारशाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, आणि ही सूट मागताना मृत्यूचा दाखला तसेच वारस फेरफाराचा उतारा दाखवावा लागत असल्याने, प्रमाणित फेरफाराची एक प्रत प्रत्येक वारसाने आपल्याजवळ ठेवावी.