पक्क्या रंगाची भानगड

रंगपंचमीच्या आधी दुकानदार हमखास सांगतो, “एकदम पक्का रंग आहे, आठ दिवस जाणार नाही.” गिऱ्हाईक खूश होतं. खरं तर याच वाक्याला पुडी परत करायला हवी.

स्वस्त गुलाबी रंगात अनेकदा ऱ्होडामाइन बी सापडतं, हिरव्यात मॅलाकाइट ग्रीन, पिवळ्यात ऑरामाइन. लोकर आणि रेशीम रंगवायला वापरतात त्या जातीचे हे रंग. त्यांच्या रेणूंवर धनभार असतो, प्रथिनांवर जागोजागी ऋणभार. त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. लोकर केराटिन या प्रथिनाची. आपले केस, नखं आणि त्वचेचा अगदी वरचा थरही केराटिनचाच. रंगाच्या लेखी तुम्ही आणि मेंढी सारखेच!

म्हणून तो डाग साबणाला दाद देत नाही. त्वचेचा वरचा थर हळूहळू झडतो, साधारण दोन आठवड्यांत नवा होतो, तसा डागही फिका पडत जातो. तेवढा धीर नसलेले लोक रॉकेल किंवा कपड्याचा साबण घेऊन घासत बसतात. त्याने त्वचेचं तेलकट आवरण निघून जातं आणि उरलेल्या रंगाला आत शिरायला वाट मिळते. खेळण्याआधी खोबरेल चोपडायची जुनी सवय चांगली आहे; पाण्यात कालवलेला रंग तेलावर नीट बसत नाही. चंदेरी रंगापुढे मात्र खोबरेलाचं काही चालत नाही, कारण ती धातूची पूड मुळात तेलातच कालवलेली असते.

२०१२ साली धुळवडीला मुंबईत धारावीतल्या शंभराहून अधिक मुलांना रंग खेळल्यावर उलट्या आणि चक्कर सुरू झाली, त्यांना शीव रुग्णालयात न्यावं लागलं. एका मुलाचा जीव गेला.

याउलट पळस. फाल्गुनात विदर्भातली रानं त्याच्या फुलांनी पेटलेली असतात. झाडाखाली पडलेली फुलंच वेचावीत. फांदीवरच्या फुलांतला मध मैना आणि शिंजिरांसाठी राहू द्यावा. फुलं रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की केशरी-पिवळा रंग उतरतो. ब्यूट्रिन, आयसोब्यूट्रिन ही त्यातली रंगद्रव्यं. साखरेचे रेणू जोडलेले असल्याने ती पाण्यात सहज विरघळतात आणि अंगावरून धुतलीही जातात. चिमूटभर चुना टाकला तर रंग गडद होतो, म्हणून काही घरांत तो टाकतात. पिचकारीत भरायच्या पाण्यात मी तरी टाकणार नाही. चुना ही अल्कली, आणि आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक: पेशींच्या आवरणातल्या चरबीचा ती अक्षरशः साबण करते आणि बुबुळात खोल उतरते.

पुडीवर ‘हर्बल’ छापायला काही लागत नाही. चिमूटभर गुलालावर लिंबू पिळा. फसफसला तर त्यात खडूची पूड आहे. चकाकत असेल तर बहुधा अभ्रक, आणि त्याच्या कपच्या डोळ्यात गेल्यावर चोळलं की बुबुळावर ओरखडे उठतात.

डोळ्यात काहीही गेलं तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा. फुगा थेट डोळ्यावर बसला असेल किंवा धुऊनही धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रंगाची पुडी सोबत न्या.