जुन्या जीपच्या स्टेअरिंगची व पुढच्या सस्पेन्शनची दुरुस्ती

अखंड पुढचा आस, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा आणि अनेक सांध्यांतून चाकांपर्यंत पोहोचणारे स्टेअरिंग अशी रचना असलेल्या जीपमध्ये झिजलेले सांधे, बुश (सांध्यांतल्या नळीसारख्या बाह्या) आणि बेअरिंगे बदलून गाडी पुन्हा रेषेत धावती करणे, असे या कामाचे स्वरूप असते. मुंबईत महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे विलीजच्या १९५३ च्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या नमुन्यावर आधारलेल्या जीप येथे अनेक दशके तयार झाल्या. त्यांतल्या कित्येक शेतीच्या कामात, घाटरस्त्यांवर आणि वडापच्या धंद्यात राबल्या. ओढ्यांचे पाणी आणि उन्हाळ्यातली तांबडी धूळ सांध्यांतल्या ग्रीसमध्ये शिरली की झीज फार वेगाने होते.

या जीपमध्ये स्टेअरिंग बॉक्सची (स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या दातेरी पेटीची) हालचाल ड्रॅग लिंक या दांड्यातून चॅसिच्या पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या बेल क्रँककडे, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या कोनी तरफेकडे, जाते आणि तेथून टाय रॉड या आडव्या दांड्यांनी चाकांकडे. प्रत्येक जोडावर केसाएवढी ढिलाई असली तरी ती बेरजेने वाढत जाते व स्टेअरिंग चार बोटे फिरल्यावर चाक हलते. म्हणून भाग विकत आणण्यापूर्वी ढिलाई नेमकी कोठे आहे ते शोधणे हाच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा लागतो. इंजिन बंद ठेवून, चाके जमिनीवर असतानाच एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. झिजलेला सांधा बोटाखाली टकटकतो. बेल क्रँकची पिन व तिची बेअरिंगे अनेकदा दुर्लक्षित राहतात. ढिलाई झाकण्यासाठी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण बॉक्स मधोमध अधिक झिजलेला असतो आणि मध्याला आवळलेले स्टेअरिंग वळणावर अडकू लागते.

त्यानंतर जॅकवर चाक उचलून, आसाखाली ठोकळे देऊन, चाक वर-खाली हलवून पाहावे. ब्रेक दाबल्यावरही हालचाल राहिली तर दोष बहुधा किंगपिनच्या (ज्या उभ्या खुंटीभोवती पुढचे चाक वळते तिच्या) बेअरिंगांचा असतो. ही बेअरिंगे निमुळत्या रोलरची असून त्यांचा ताण पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून जुळवावा लागतो. ताण कमी राहिला की एखाद्या खड्ड्यावर चाक आपटताच सगळा पुढचा भाग थरथरू लागतो आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही.

टाय रॉड एंड, म्हणजे रॉडच्या टोकाचा सांधा, काढण्यापूर्वी रॉडची लांबी मोजून ठेवावी. सांध्याच्या निमुळत्या पिनेवर थेट हातोडा मारू नये, त्याने आटे बिघडतात. ज्या भोकात ही पिन बसते त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका दिला की सांधा सुटतो. नवा नट बसवताना नट सुटू न देणाऱ्या स्प्लिट पिनेचे भोक जुळत नसेल तर नट किंचित आणखी आवळावा, कधीही सैल करू नये.

पाट्यांच्या बाबतीत त्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या मुख्य बोल्टची तपासणी चुकवू नये. तो तुटला तर आस स्प्रिंगवरून सरकतो व गाडी तिरपी धावते. पाट्या आसाला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टाभोवती दिसणारी तांबूस भुकटी ही बहुधा त्या सरकण्याचीच खूण असते. रबरी बुश असतील तर शॅकलचे (स्प्रिंगचे टोक चॅसिला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच अखेरचे आवळावेत, एरवी रबर पिळलेल्या अवस्थेत बसून लवकर फाटते. गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल घातले की किंगपिनचा मागे झुकलेला कल बदलतो. विलीजच्या जीपमध्ये हा कल सुमारे ३ अंश असतो आणि तो कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्याला येत नाही. पाट्या आणि आस यांमध्ये निमुळती पाचर घालून तो परत मिळवता येतो.

शेवटी दोन्ही पुढच्या टायरांमधले अंतर आसाच्या उंचीवर त्यांच्या पुढच्या व मागच्या कडेला मोजतात. पुढच्या कडेचे अंतर सुमारे १ ते २.५ मिलिमीटरने कमी असावे. यू-बोल्ट कर्णाच्या क्रमाने आवळतात आणि काही शे किलोमीटर चालवल्यावर, पाट्या जागेवर बसल्या की, पुन्हा एकदा आवळून घेतात.